पिशवी उलटी करून बघा!

मैत्रिणींनो, मसाल्याचं पाकीट आपण उलटसुलट बघून घेतो, मग कुत्र्याच्या खाण्याचं का नाही? आमच्या मोतीसाठी मी दोन कंपन्यांच्या पिशव्या शेजारी ठेवून घटक वाचते. ज्याचं वजन जास्त, त्याचं नाव आधी. पहिलाच मका असेल, तर महागड्या पिशवीतही सगळ्यांत जास्त मकाच! ‘ताजं चिकन’ पहिलं दिसलं, तरी त्यात पाण्याचं वजन धरलेलं असतं. ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’ छापलंय का, तेही बघा.

दर तीन-चार महिन्यांनी मी ब्रँड बदलते. पण एकदम नाही, जुलाब होऊ शकतात. आठवडाभरात आधी पाव भाग नवं, मग अर्धं, मग पाऊण. एकच खाणं मानवत असेल, तर बदलायलाच हवं असं नाही. वर चवीला आपली कांदा-लसणाची भाजी मात्र नकोच. कुत्र्याला ती विषारी!