उसाच्या रास्त दराची पंच्याहत्तर वर्षे

तोडलेला ऊस साठवून ठेवता येत नाही. गाळपाला उशीर झाला की वजन आणि साखर दोन्ही घटतात. त्यामुळे जवळच्या कारखान्याशी दरासाठी घासाघीस करण्याची ताकद एकट्या शेतकऱ्यात नसते. रास्त दराचा प्रश्न इथूनच सुरू होतो.

1932 मध्ये साखर उद्योगाला जकातीचे संरक्षण मिळाले आणि दख्खनच्या कालव्यांवर खासगी कारखाने उभे राहिले. दर मात्र कारखानदारच ठरवत. या स्थितीला पहिले ठोस उत्तर अहमदनगर जिल्ह्यातील लोणीने दिले. विठ्ठलराव विखे पाटील, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ आणि वैकुंठभाई मेहता यांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या प्रवरा सहकारी कारखान्याचा पहिला हंगाम 1950-51 मध्ये झाला. ऊस पिकवणाराच भागधारक झाला आणि नफ्यातून परिसरात शिक्षणसंस्था, दवाखाने व उपसा सिंचन योजना उभ्या राहिल्या.

पुढे सहकारातही थकबाकी आणि काटामारीच्या तक्रारी वाढल्या. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाने 14 दिवसांत पैसे देण्याचे बंधन घातले आणि पुढे त्यात उशीर झाल्यास 15 टक्के व्याजाची तरतूद आली. 1980 मध्ये शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने नाशिक जिल्ह्यात टनाला 300 रुपयांसाठी आंदोलन केले. 2009-10 च्या हंगामापासून किमान दराच्या जागी ‘रास्त व किफायतशीर दर’, म्हणजे एफआरपी, आली. 2025-26 साठी ती 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 355 रुपये आहे. गुऱ्हाळांना मात्र ती लागू नाही. त्यामुळे मध्य प्रदेशात, जबलपूर विभागातील नरसिंहपूरच्या करेली भागात गुळासाठी ऊस देणाऱ्याला बाजारभावावरच विसंबावे लागते.

आफ्रिकेत हाच प्रश्न ग्राहकाच्या बाजूने हाताळला गेला. फेअरट्रेड या प्रमाणपत्र व्यवस्थेत उसाच्या साखरेला हमीदर नाही. टनामागे साधारण 60 डॉलरचे अधिमूल्य उत्पादक संघाला मिळते आणि त्याचा विनियोग सभासद मतदानाने ठरवतात. मलावीतील कासिंथुला येथे या पैशातून पिण्याच्या पाण्यासारखी गावाची कामे झाली. मात्र 2017 मध्ये युरोपीय संघाने बीट साखरेच्या उत्पादनावरील कोटा उठवल्यावर आफ्रिकी साखरेची तिथली मागणी घटली आणि अधिमूल्यही आटले. परक्या ग्राहकाच्या सदिच्छेवर उभा असलेला लाभ कायद्याच्या हमीइतका टिकाऊ नसतो, हे त्यातून दिसले.

महाराष्ट्रातील हमीही फडातल्या मजुरापर्यंत पोहोचली नाही. बीडसारख्या दुष्काळी जिल्ह्यातून नवरा-बायकोची जोडी मुकादमाकडून उचल घेऊन निघते. या जोडीलाच ‘कोयता’ म्हणतात. तो ऊस तोडतो, ती मोळ्या बांधून डोक्यावरून ट्रॉलीत चढवते. मजुरी टनावर मिळते, खाडा पडला की पैसे कापले जातात, मुले कोपीपाशी, म्हणजे तात्पुरत्या झोपडीपाशी, राहतात आणि शाळा सुटते. 2019 मध्ये बीडमधील महिलांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांची चौकशी नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केली, तेव्हा 13 हजारांहून अधिक तोडणी कामगार महिलांवर ही शस्त्रक्रिया झाल्याचे समोर आले. त्याच वर्षी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन झाले.

शेतकऱ्याला भागधारकाचा हक्क आणि कायद्याचा आधार मिळाला, म्हणून ऊसपट्टा सावरला. तोडणी मजुराकडे यातले काहीच नाही. त्याच्या मजुरीला, आरोग्याला आणि मुलांच्या शिक्षणाला तशीच कायदेशीर हमी मिळेपर्यंत उसाचा दर पूर्णपणे रास्त म्हणता येणार नाही.