नाताळचें झाड आणि त्याची निगा

गिरगांवांतील खोताच्या वाडींत आमच्या मातोश्रींच्या एक ख्रिस्ती मैत्रीण राहतात. त्यांस आम्ही लहानपणापासून मावशीच म्हणत आलों. गेल्या डिसेंबरांत त्यांचा निरोप आला कीं, नाताळचें झाड माळ्यावरून काढावयाचें आहे, हात लावावयास या. परदेशीं असलेले चिरंजीव दोन वर्षांच्या नातीस घेऊन प्रथमच यावयाचे होते. झाड कृत्रिम, मावशींच्या यजमानांनीं आणलेलें. ते निवर्तल्यापासून खोकें उघडलेंच नव्हतें. गणपतीचें मखर वर्षानुवर्षें माळ्यावर जपणाऱ्या आम्हांस हें काम अगदींच परकें वाटलें नाहीं.

कृत्रिम झाडाची कल्पना मूळची जर्मनीची. एकोणिसाव्या शतकांत नाताळासाठीं कोंवळीं झाडें फार तोडलीं जाऊं लागलीं, तेव्हां हंसाचीं पिसें हिरवीं रंगवून, तारेस गुंडाळून झाडें करण्याची युक्ति तेथें निघाली. अशा झाडास पाणी लावूं नये, रंग उतरतो. मऊ कुंचल्यानें धूळ काढावी, एवढेंच. पुढें अमेरिकेंत, विस्कॉन्सिनमधील मॅनिटोवॉक गांवीं, १९५९ पासून ॲल्युमिनियमचीं चंदेरी झाडें निघालीं. त्यांची प्रत्येक फांदी कागदी नळींत ठेवीत, आणि विजेचा झटका बसण्याच्या भयानें तीवर दिव्यांची माळ घालीत नसत. जमिनीवर फिरतें रंगीत चक्र ठेवून त्याचा उजेड पाडीत. हौसेला मोल नसतें, हेंच खरें!

मावशींचें झाड मात्र पी.व्ही.सी. प्लास्टिकचें. खोकें आम्हीं ओट्यावर नेऊनच उघडलें, कारण घरांत झटकलेली धूळ घरांतच बसते. प्रथम दिव्यांची माळ सोडविली. कोमट पाण्यांत साबणाचे दोन थेंब टाकून, फडकें घट्ट पिळून, शेंड्यापासून खालीं पुसत यावें. प्रत्येक फांदी मुळाकडून टोंकाकडे पुसावी, उलट हात फिरविल्यास पानें दुमडतात. झाड सरळ नळाखालीं धरण्याचा मोह पुष्कळांस होतो. पण हीं पानें पिळलेल्या तारांच्या चिमटींत धरलेलीं असतात. तेथें पाणी राहिलें कीं तार गंजते, मुंबईच्या दमट हवेंत तर विशेषच.

तिसऱ्या फांदीसच फडकें हिरव्या भुकटीनें भरलें. पानें बोटांत चुरत होतीं. आमचे हात थांबले. जुन्या पी.व्ही.सी. झाडांत प्लास्टिक टिकावें म्हणून शिशाचीं संयुगें मिसळीत. प्लास्टिक जुनें होऊन ठिसूळ झालें कीं शिसें धुळींत उतरतें. तें आहे कीं नाहीं हें नुसत्या नजरेस समजत नाहीं, आणि लहान मुलांच्या मेंदूस तें फार अपायकारक. दोन वर्षांच्या मुलीचा हात तर घटकाभरहि तोंडाबाहेर राहत नाहीं. हें मावशींस सांगावें कसें, याचा विचार आम्ही बराच वेळ करीत राहिलों. शेवटीं सांगितलें. त्यांनीं एक फांदी हातीं घेतली, ठेवली, आणि म्हणाल्या, "ते असते तर त्यांनींच आधीं फेंकलें असतें." मग आंत जाऊन त्यांनीं चहा ठेवला.

झाड आम्हीं दोन पिशव्यांत घट्ट बांधलें. ओटा झाडूनें न लोटतां ओल्या फडक्यानें पुसला, व हात साबणानें धुतले. कांचेचे गोळे आणि पत्र्याची चांदणी तेवढी राहिली. नवें चार फुटी झाड क्रॉफर्ड मार्केटांतून आणलें. त्यावर शिसें नसल्याचा छापील मजकूर आहे, तो आम्हीं दोनदां वाचून घेतला.

तीन राजांच्या सणानंतर, म्हणजे ६ जानेवारी उलटल्यावर, तें आवरलें. आधीं पुसून, सावलींत पूर्ण वाळवून, फांद्या वर दुमडून सुती पट्ट्यांनीं बांधल्या, जुन्या चादरींत गुंडाळलें, आणि खोक्यांत सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या. कौलाखालच्या माळ्यावर मात्र आतां ठेवावयाचें नाहीं. चैत्र-वैशाखांतील उष्म्यानें प्लास्टिक वाकतें. पलंगाखालची जागा बरी. चांदणीस आम्हीं हात लावला नाहीं. ती मावशींनीं स्वतः पुसली आणि आपल्या कपाटांत ठेवली.