मधुमेहींची दाढदुखी अंगावर काढू नका

वस्तीत आरोग्य शिबिर घेतले की आपण रक्तदाब आणि साखर तपासतो. तोंड उघडून दात मात्र क्वचितच पाहिले जातात. दाढ दुखली तर लवंग, मिश्री किंवा मेडिकलमधून आणलेली गोळी, एवढ्यावर भागवले जाते. मधुमेह असलेल्या माणसाच्या बाबतीत ही दिरंगाई जिवावर बेतू शकते.

रक्तातील साखर सतत वाढलेली असेल तर जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी नीट काम करत नाहीत आणि जखमही उशिरा भरते. शिवाय संसर्ग झाला की साखर आणखी चढते. या दुष्टचक्रामुळे किडलेल्या दाढेच्या मुळाशी साचलेला पू मधुमेहींमध्ये लवकर पसरू शकतो.

खालच्या मागच्या दाढांची मुळे जबड्यात खोलवर असतात. तिथला संसर्ग जिभेखाली, हनुवटीखाली आणि गळ्यात उतरतो. दोन्ही बाजूंनी सूज येते, जीभ वर ढकलली जाते आणि श्वासाचा मार्ग अडतो. जर्मन डॉक्टर लुडविग यांनी १८३६ मध्ये या आजाराचे वर्णन केले, म्हणून त्याला ‘लुडविग्ज अँजायना’ म्हणतात. हृदयाच्या अँजायनाशी त्याचा संबंध नाही. हाच पू पुढे छातीत उतरू शकतो, रक्तातही संसर्ग पसरू शकतो.

पुढील लक्षणे दिसली तर सकाळची वाट पाहू नका:

• जबड्याखाली किंवा गळ्यावर वाढणारी सूज
• तोंड न उघडणे, गिळता न येणे, लाळ गळणे
• आवाज बदलणे, ताप, श्वास घेताना त्रास

अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा आणि मोठे रुग्णालय गाठा.

साधी दाढदुखी असली तरी लवकर दंतवैद्याला दाखवा आणि मधुमेह असल्याचे सांगा. सुजेवर गरम शेक देऊ नका. नुसत्या अँटिबायोटिकने भागत नाही; पू बाहेर काढावा लागतो, दाढेवर उपचार करावे लागतात. आजारपणात जेवण कमी झाले तरी इन्सुलिन किंवा गोळ्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

खर्चाच्या भीतीने अनेक जण थांबतात. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत कमी खर्चात उपचार होतात. कार्यकर्त्यांनी ही माहिती घरोघरी पोहोचवावी. पुढच्या शिबिरात साखर तपासणीच्या टेबलाशेजारी एक दंतवैद्यही बसवावा.