अंतराचे अर्थशास्त्र : आगरतळा–कोलकाता हवाईमार्ग

दोन शहरांमधील अंतर किती, या प्रश्नाचे उत्तर वाहतुकीच्या साधनानुसार बदलते. त्रिपुराची राजधानी आगरतळा आणि कोलकाता यांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. दोहोंच्या विमानतळांमधील सरळ अंतर सुमारे ३२० किलोमीटर आहे. भारतीय भूमीवरील लोहमार्ग मात्र आसाम आणि सिलिगुडीजवळील चिंचोळ्या पट्ट्यातून जातो. तो दीड हजार किलोमीटरहून अधिक लांब असून प्रवासास सुमारे दीड दिवस लागतो. हा वळसा १९४७ च्या फाळणीने निर्माण केला. आगरतळ्यास जवळ असलेले आखौरा हे रेल्वेस्थानक तेव्हा सीमेपलीकडे गेले.

उड्डाणकालाचे गणित

ताशी ८०० किलोमीटर वेगाने जेट विमान हे अंतर २४ मिनिटांत कापील. वेळापत्रकात मात्र सुमारे एक तास दिलेला असतो. विमान थांब्यावरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावरील थांब्यावर उभे राहीपर्यंतचा काळ त्यात धरला जातो. धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे, खाली उतरणे आणि प्रतीक्षा यांस लागणारा वेळ अंतर कमी झाल्याने फारसा घटत नाही. त्यामुळे लहान मार्गांवर ताशी ५०० किलोमीटर वेगाचे टर्बोप्रॉप विमानही फारसे मागे पडत नाही. शिवाय त्यास इंधन कमी लागते.

हा सरळ मार्ग बांगलादेशाच्या आकाशातून जातो. १९४४ च्या शिकागो करारानुसार प्रत्येक राष्ट्राचे आपल्या हवाई क्षेत्रावर सार्वभौमत्व असते. म्हणजेच, एकाच देशातील दोन शहरांमधील ही जवळीक शेजारी राष्ट्राच्या संमतीवर अवलंबून आहे.

धोरण आणि मर्यादा

अशा दुर्गम प्रदेशांसाठी १९९४ मध्ये केंद्र सरकारने मार्गवितरणाची मार्गदर्शक तत्त्वे लागू केली. प्रमुख मार्गांवरील क्षमतेच्या किमान १० टक्के इतकी क्षमता ईशान्य भारत, जम्मू-काश्मीर, अंदमान-निकोबार व लक्षद्वीप यांना जोडणाऱ्या मार्गांवर पुरविणे विमान कंपन्यांना बंधनकारक झाले. जानेवारी २०२२ मध्ये आगरतळ्याच्या महाराजा बीर बिक्रम विमानतळावर नवे टर्मिनल सुरू झाले.

तथापि, विमानाने प्रवाशाचा वेळ वाचतो. अवजड मालाचे अंतर कमी होत नाही. रुग्ण, विद्यार्थी किंवा व्यापारी तासाभरात कोलकात्यास पोहोचू शकतो, परंतु सिमेंट, धान्य आणि रबर यांना विमानभाडे परवडत नाही. रबर उत्पादनात केरळखालोखाल स्थान असलेल्या त्रिपुराच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे. २०१६ मध्ये आगरतळा ब्रॉडगेज मार्गाने जोडले गेले, तरी वळसा कायम राहिला. १ नोव्हेंबर २०२३ रोजी उद्घाटन झालेल्या आखौरा–आगरतळा लोहमार्गाचे महत्त्व यातच आहे. त्यावरून नियमित वाहतूक झाली, तरच मालासाठीही नकाशावरील अंतर आणि आर्थिक अंतर यांतील दरी कमी होईल.