नोड.जेएसमधील स्ट्रीम म्हणजे काय?

समजा, तुमच्या सर्व्हरवर ५०० एमबीची एक फाइल आहे आणि ती लोकांना डाउनलोड करायची आहे. 'रीडफाइल' वापरले, तर नोड.जेएस आधी पूर्ण फाइल मेमरीत घेते. एकाच वेळी १० जणांनी ती मागितली की जवळपास ५ जीबी मेमरी लागते. लहान सर्व्हर तिथेच बंद पडतो.

यावर उपाय म्हणजे स्ट्रीम. 'क्रिएटरीडस्ट्रीम' हीच फाइल ६४ केबीच्या तुकड्यांत वाचते. तुकडा आला की पुढे पाठवायचा, मग पुढचा घ्यायचा. त्यामुळे फाइल कितीही मोठी असली तरी मेमरी थोडीच लागते.

वेग जुळवणे

डिस्क वेगाने वाचते, पण घेणाऱ्याचे मोबाइल नेटवर्क मंद असते. अशा वेळी 'राइट' हे फंक्शन 'फॉल्स' परत देते. याचा अर्थ, 'ड्रेन' ही सूचना येईपर्यंत थांबा. याला बॅकप्रेशर म्हणतात. तिकडे दुर्लक्ष केले तर तुकडे मेमरीत साठत जातात आणि स्ट्रीमचा फायदाच उरत नाही.

'पाइपलाइन' हे फंक्शन ही काळजी स्वतः घेते. 'पाइप'सुद्धा वेग जुळवते, पण मध्येच चूक झाली तर बाकीच्या स्ट्रीम बंद करत नाही. 'पाइपलाइन' त्या बंद करते आणि चूक कळवते. म्हणून शक्यतो तेच वापरा.

मराठी मजकूर का फुटतो?

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. ६४ केबी म्हणजे ६५,५३६ बाइट. याला ३ ने पूर्ण भाग जात नाही. शिवाय मजकुरातली स्पेस १ बाइटची असते. त्यामुळे तुकडा एखाद्या चिन्हाच्या मधोमध संपू शकतो. प्रत्येक तुकड्याचे वेगळे 'टूस्ट्रिंग' केले, तर त्या जागी काळ्या चौकटीतले प्रश्नचिन्ह दिसते. चाचणीची फाइल लहान असेल तर ती एकाच तुकड्यात मावते, म्हणून ही चूक तेव्हा दिसत नाही.

उपाय एका ओळीचा आहे: वाचायला सुरुवात करण्यापूर्वी स्ट्रीमवर 'सेटएन्कोडिंग' वापरून 'यूटीएफ८' ठरवा. मग अर्धवट राहिलेले बाइट पुढचा तुकडा येईपर्यंत राखून ठेवले जातात आणि चिन्ह पूर्ण झाल्यावरच तुमच्या हाती येते.