सगळ्यात शेवटी निघणारा

माझे काका निवृत्त मुख्याध्यापक. रात्री साडेदहाला लॅपटॉप बंद करायचा आणि आडवं व्हायचं, हा त्यांचा शाळेच्या घंटेसारखा नेम. गेल्या पावसाळ्यात त्यांचा फोन आला. "अगं, हा रोज जाताना काहीतरी पुटपुटतो आणि विझतो. मी चष्मा लावेपर्यंत गायब! व्हायरस तर नाही ना शिरला?"

"काका, उद्या मोबाइल हातात धरूनच बसा. पाटी दिसली की वाचत बसू नका, आधी फोटो काढा."

दुसऱ्या रात्री फोटो आला. थोडा हललेला, कोपऱ्यात काकांचा अंगठा. पण मजकूर लागत होता: अमुक पत्त्यावरच्या सूचनेने तमुक पत्त्यावरची मेमरी मागितली, आणि ती मेमरी वाचता आली नाही. हा तमुक पत्ता म्हणजे ओळीने नुसती शून्यं. पाटीच्या डोक्यावर एका अँटिव्हायरसचं नाव होतं, आणि तो तर काकांनी वर्षभरापूर्वीच काढून टाकलेला!

रक्षणासाठी नेमलेला प्रोग्राम निघतानाच अडखळतो, ही तक्रार जुनी आहे. आपण ती कटकट म्हणून सोडून देतो. पण संगणक बंद होताना आत काय काय घडतं ते एकदा कळलं, की अशी पाटी कधीतरी दिसते याचं काही वाटत नाही. ती रोज घरोघरी दिसत नाही, याचंच नवल वाटू लागतं.

पूर्वी बंद करण्यात काही नव्हतंच. डॉसच्या काळात काम संपलं की बटण दाबायचं, खट्ट. विंडोज ९५ ने थोडी रीतभात आणली. आवराआवर झाली की काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरांत ‘आता बंद करायला हरकत नाही’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य यायचं आणि मग आपण हात पुढे करायचा. (ते वाक्य म्हणजे फाइलीत ठेवलेलं साधं चित्र होतं. हौशी लोक ते बदलून तिथे स्वतःचं चित्र टाकत.) अँटिव्हायरसही तेव्हा पाहुण्यासारखा यायचा. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीतून संगणकांकडे वळलेले कैलास काटकर आणि त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी १९९० च्या दशकात जे हत्यार घडवलं, ज्याचं पुढे क्विक हील झालं, तेही सुरुवातीला डॉसवरचंच. त्या काळची रीत अशी की फ्लॉपी घालायची, तपासायचं, साफ करायचं आणि बाहेर पडायचं. ज्याने मुक्कामच केला नाही, त्याला निरोप कसला द्यायचा?

आजचा अँटिव्हायरस मुक्कामी आहे आणि त्याला एक नाही, तीन देह आहेत. पहिला आपल्याला दिसतो: घड्याळाशेजारचं चिमुकलं चिन्ह. हा नुसता बोलका कारकून, तुमच्यासमोर पाट्या धरणारा. दुसरा देह म्हणजे पडद्यामागची सर्व्हिस. खरी तपासणी ही करते. तुम्ही लॉगिन करण्याआधीच ती कामाला लागलेली असते. तिसरा सगळ्यात खोल, विंडोजच्या गाभ्यात: फिल्टर ड्रायव्हर. कुठलीही फाइल उघडा, लिहा, मिटवा. ती मागणी डिस्ककडे जाताना या ड्रायव्हरच्या हाताखालून जाते.

या ड्रायव्हरांना चक्क उंची असते. कोण वर, कोण खाली, हे ठरवणारा आकडा मायक्रोसॉफ्ट नेमून देते, आणि अँटिव्हायरसांसाठी ३२०००० ते ३२९९९८ हा पट्टा राखीव आहे. विंडोजच्या स्वतःच्या डिफेंडरचा आकडा ३२८०१०. मागणी वरच्याकडून खालच्याकडे उतरत जाते, जिन्यावरून उतरावी तशी. प्रशासक म्हणून कमांडची काळी खिडकी उघडून ‘एफएलटीएमसी’ ही पाच इंग्रजी अक्षरं टंकली, तर तुमच्या यंत्रातले सगळे पहारेकरी आपापल्या उंचीसकट रांगेत उभे राहतात. मी पहिल्यांदा ही यादी पाहिली तेव्हा, वर्षानुवर्षं राहत असलेल्या वाड्यात तळघर सापडावं, तसं वाटलं होतं.

आता निरोपाचा क्रम. तुम्ही ‘शटडाउन’ म्हटलंत की विंडोज आधी उघड्या प्रोग्रामांना विचारते, निघायचं का? उत्तराला साधारण पाच सेकंद. गप्प राहिला तर ‘हा प्रोग्राम अडवून बसलाय’ अशी यादी पडद्यावर येते. प्रत्येक प्रोग्रामला क्रमांक असतो आणि मोठ्या क्रमांकाचा आधी जातो. पण कोणी मुद्दाम वेगळा मागितला नाही तर सगळ्यांना एकच क्रमांक मिळतो, सोळा पायाच्या अंकलेखनात २८०. एकाच क्रमांकाच्या मंडळींत आधी कोण, नंतर कोण, याचा नियम नाही. म्हणून तर तीच पाटी सोमवारी येते, मंगळवारी येत नाही, आणि नेमकी जाणकार माणूस शेजारी बसला की मुळीच येत नाही.

प्रोग्राम गेले की सर्व्हिसांची पाळी. विंडोज एक्सपीच्या काळात सर्व्हिसला आवरायला २० सेकंद मिळत, विंडोज ७ मध्ये १२, आणि विंडोज ८ पासून फक्त ५. काही सर्व्हिसांना आधी सूचना मागून घेता येते. व्हिस्टामध्ये त्यांना तीन मिनिटांची मुभा होती, विंडोज १० च्या २०१७ मधल्या आवृत्तीपासून ती दहा सेकंदांवर आली. मुदत संपली की दोरी कापली.

लग्नाचा मांडव उतरवताना पाहिलाय ना? खुर्च्या जातात, सतरंज्या जातात, झालरी सुटतात, माळा विझतात. राखणदाराने मात्र सगळं सामान जाईपर्यंत बसायचं. त्याला वहीत शेवटची नोंद करायची असते, आणि तोवर त्याचं टेबलही टेम्पोत चढलेलं असतं. सुरक्षेच्या प्रोग्रामचं तस्संच होतं. जाता जाता प्रत्येक जण काहीतरी जतन करतो, म्हणजे फाइलींची गर्दी अगदी याच क्षणी, म्हणजे तपासणीही याच क्षणी. गाभ्यातला ड्रायव्हर सर्व्हिसला विचारतो, ही फाइल सोडू का? सर्व्हिस निघून गेलेली. ड्रायव्हर थांबतो. आपल्याला दिसतं ते फिरणारं चक्र.

यात आणखी एक गाठ आहे. या पहारेकऱ्याला मुळात शिकवलेलंच असतं की कोणी ‘जा’ म्हटलं तर जायचं नाही. रायगडाच्या दारावरच्या पहारेकऱ्यांनी हिरकणीची विनवणी मानली नाही, ही आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकतो. हुकूम म्हणजे हुकूम. व्हायरस आत शिरला की पहिली धडपड करतो ती पहारेकऱ्याला गप्प करायची. म्हणून विंडोज ८.१ पासून अँटिव्हायरसच्या सर्व्हिसला असं कवच मिळालं, की यंत्राचा प्रशासकसुद्धा तिला सहज मारू शकत नाही. चिन्हवाला कारकून अचानक मेला तर सर्व्हिस त्याला पुन्हा उभा करते. आता हेच शटडाउनच्या वेळी घडलं तर? कारकून रीतसर निघाला, सर्व्हिसला वाटलं कोणी त्याला मारलं, तिने नवा धाडला. त्याला पाय ठेवायला जमीन नाही, कारण पडद्याचा कारभार मोडायला घेतलेला. विंडोजकडे या प्रसंगासाठी वेगळा त्रुटी-क्रमांकच आहे, ‘सी ०००० २६ बी’. त्याचा अर्थ असा की खिडक्यांचं ठाणं बंद होत असल्यामुळे प्रोग्राम सुरू होऊ शकला नाही. रुळांचं काम सुरू झाल्यावर फलाटावर पोचलेल्या प्रवाशाची पाटी!

काकांच्या पाटीतली शून्यं हे वेगळं प्रकरण. प्रोग्रामने एखादी वस्तू मागितली, ती तोवर मोडीत निघालेली होती आणि हाती आला कोरा पत्ता: शून्य. पत्त्यांच्या सुरुवातीचा ६४ केबीचा तुकडा विंडोज मुद्दाम पडीक ठेवते. तिथे पाय पडला की समजायचं, कोणीतरी रिकामी चिठ्ठी घेऊन घर शोधतोय.

आणि मला सगळ्यात चटका लावणारी गोष्ट कुलपांची. एका प्रोग्रामच्या आत अनेक धागे एकाच वेळी चालतात, आणि सामायिक वस्तूला हात लावण्याआधी प्रत्येक जण तिला कुलूप लावतो. प्रोग्राम संपताना एक धागा सोडून बाकीचे जागच्या जागी तोडले जातात. एखादा किल्ली मुठीत असतानाच गेला, तर ते कुलूप आता कोणीच उघडणार नाही. उरलेला एकटा त्याच्यासमोर जन्मभर उभा राहू शकतो. व्हिस्टापासून विंडोजने यावर निष्ठुर तोडगा काढला. निघण्याच्या वेळी जो अशा बेवारस कुलपाला हात लावेल, तो प्रोग्राम तिथल्या तिथे संपवायचा. मला हे पटतं. मांडव उतरताना झाडू मारत बसणाऱ्याला असंच हाताला धरून बाहेर न्यावं लागतं.

गाभ्यातली चूक मात्र इतकी निभावून नेता येत नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका अद्ययावत फाइलीपायी जगभरची सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं निळ्या पडद्यावर आडवी झाली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटावे लागले. मूळ चूक काय, तर जिथे २० मूल्यं पुरवली होती तिथे एकविसावं वाचायला जाणं. तीही न वाचता येणारी मेमरीच! कारकुनाने अशी चूक केली तर पाटी येते, गाभ्यातल्याने केली तर वाडाच बसतो.

तर काकांच्या लॅपटॉपकडे वळू. मी दूरवरून त्यांचा पडदा पाहत होते. इव्हेंट व्ह्यूअर ही संगणकाची रोजनिशी आधी उघडली. तिच्यात १०७४ म्हणजे बंद करायला कोणी सांगितलं, ६००६ म्हणजे नीट मिटलं, ६००८ म्हणजे अवचित गेलं, आणि ७०४३ म्हणजे एखादी सर्व्हिस आधी सांगूनही वेळेत आवरली नाही. काकांकडे रोज रात्री १०७४ आणि ६००६ शहाण्यासारखे शेजारी शेजारी. म्हणजे यंत्र धड होतं, पाटी नुसती जाता जाताची. दर वेळी वेगळ्याच प्रोग्रामचं नाव येत असतं तर मी रॅम आणि डिस्कवर संशय घेतला असता. इथे नाव एकच होतं.

मग विचारलं, "काका, शेवटचा बंद कधी केला होता?"

"काल रात्रीच की!"

टास्क मॅनेजर सांगत होता, हे यंत्र अकरा दिवस चालू आहे. काका चिडले, पण खोटं दोघांपैकी कोणीच बोलत नव्हतं. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची युक्ती आली. शटडाउन म्हटल्यावर तुमचे प्रोग्राम आणि लॉगिन जातं, पण गाभा मरत नाही. त्याची आहे तशी प्रत डिस्कवर उतरवून ठेवतात आणि सकाळी तीच उचलून परत मांडतात. सुरक्षा प्रोग्रामचा ड्रायव्हर बिघडला असेल तर तो तसाच बिघडलेला झोपतो आणि तसाच उठतो. खरी अंघोळ होते ती ‘रिस्टार्ट’ने, नाहीतर शिफ्ट दाबून शटडाउन केल्यावर. ही उलटापालट मला आजही गमतीची वाटते: बंद केलं तर बंद होत नाही, परत सुरू कर म्हटलं तर खरं बंद होतं.

रिस्टार्ट केलं. पाटी तरीही आली. मग ‘एफएलटीएमसी’. यादीत डिफेंडर ३२८०१० वर, आणि त्याच पट्ट्यात, थोडा खाली, दुसरा एक. लॅपटॉपबरोबर फुकट आलेला, मुदत संपल्यावर काकांनी ‘काढलेला’. तीन देहांपैकी दोन शिल्लक होते. खालचा ड्रायव्हर होता, घड्याळाशेजारचा कारकूनही रोज सकाळी उठत होता. मधली सर्व्हिस तेवढी गेली होती. तो कारकून वर्षभर रोज रात्री, निघायच्या क्षणी, नसलेल्या साहेबाला हिशेब द्यायला जात होता.

नेहमीच्या पद्धतीने काढायला गेले तर यादीत त्याचं नावच नाही. असे राहिलेले अवशेष काढायला बहुतेक कंपन्या स्वतंत्र हत्यार देतात. ते कंपनीच्याच संकेतस्थळावरून घ्यायचं आणि सेफ मोडमध्ये चालवायचं, कारण तिथे पहारेकरी कामावर आलेले नसतात. ड्रायव्हरची फाइल स्वतः हाताने उडवायच्या भानगडीत पडू नये. जिन्याची मधली पायरी काढल्यासारखं ते होतं. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या वहीत, जाऊन मुदतीचे आकडे कमी करा, असेही सल्ले फिरतात. मी ते कोणाला देत नाही. राखणदाराला पाचऐवजी दोन सेकंद दिल्याने टेबल परत येत नाही.

वीस मिनिटांत काम झालं. पुन्हा यादी काढली, त्या पट्ट्यात आता एकटा डिफेंडर.

त्या रात्री पावणेअकराला फोन वाजला.

"अगं, आज काही बोलला नाही."

"बरं झालं ना मग, काका."

"हो, झालं बरंच. पण चष्मा लावून बसलो होतो."