घरच्या संगणकाची राखण – भाग ५ : नाव अडतं, पान अडत नाही

आज राउटरमधला डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा क्रमांक शोधून देणारी व्यवस्था) बदलायचं ठरलं होतं. ते आता पुढच्या शनिवारी, कारण मधेच लालबागहून एका ताईंचं पत्र आलं. त्यांनी विचारलंय तिथे बहुतेकांची गाडी अडते.

ताईंचा मुलगा बारावीला. यूट्यूबवर भौतिकशास्त्राचे धडे बघायला बसतो आणि शॉर्ट्सवर घसरतो. ताईंनी गेल्या भागाबरहुकूम नोटपॅड ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलं, होस्ट्स फाइलच्या तळाशी चार शून्यांचा पत्ता टाकला, पुढे यूट्यूबचं नाव, मग तिरकी रेघ आणि 'शॉर्ट्स'. सेव्ह केलं, मशीन बंद करून चालू केलं. शॉर्ट्स आपले जागच्या जागी!

ताई, घोळ त्या तिरक्या रेघेचा आहे. ही फाइल मुळात अडवाअडवीसाठी जन्मलीच नाही. १९८३ साली डीएनएस येईपर्यंत अमेरिकेतल्या अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वजावरच्या यंत्रांची नावं आणि क्रमांक एकाच यादीत असत. स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट ती यादी सांभाळी आणि बाकीचे उतरवून घेत. आपली होस्ट्स फाइल हा त्याच यादीचा वारसा. तिला एवढंच कळतं : या नावाचा क्रमांक काय? आपण खोटा क्रमांक देतो, म्हणून साइट उघडत नाही. रेघेपुढचा मजकूर या प्रश्नात येतच नाही. चाळीचं फाटक लावलं की अख्खी चाळ बंद होते, तिसऱ्या माळ्यावरची एक खोली फाटकावरून बंद करता येत नाही.

हा धडा मुंबईने फार वाईट वेळी गिरवलाय. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये स्फोट झाले. माटुंगा रोड, माहीम ही आपल्या दादरच्या शेजारची स्टेशनंही त्यांत होती. दोनच दिवसांनी दूरसंचार विभागाने काही मोजकी पानं रोखायचा आदेश काढला. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांनी पानं निवडत बसण्याऐवजी ब्लॉगस्पॉट, जिओसिटीज अशी आख्खी ठिकाणंच बंद केली. स्फोटांनंतर लोकांना माहिती आणि मदत मिळावी म्हणून चाललेला ब्लॉगही ब्लॉगस्पॉटवरच होता, तोही त्यात गेला. ओरड झाल्यावर काही दिवसांनी गाडी रुळावर आली. सुक्याबरोबर ओलं जळतं, ते असं.

मग पान अडवायचं कुणी? ब्राउझरने. आज बहुतेक साइट्स एचटीटीपीएसवर आहेत. त्यामुळे साइटचं नाव इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला साधारण कळतं, पण रेघेपुढचं सगळं कुलूपबंद जातं. आपल्या बाजूला पूर्ण पत्ता दिसतो तो ब्राउझरला.

तेव्हा फायरफॉक्स घ्या आणि त्यात 'यूब्लॉक ओरिजिन' हे फुकटचं एक्स्टेन्शन बसवा. क्रोममध्ये त्याची पूर्ण आवृत्ती आता चालत नाही. यूट्यूबच्या पहिल्या पानावर शॉर्ट्सची पट्टी दिसली की तिच्यावर राइट-क्लिक करून 'ब्लॉक एलिमेंट' निवडा. 'प्रीव्ह्यू' दाबून नेमकी तेवढीच पट्टी गेली ना, हे पाहा आणि मगच 'क्रिएट' म्हणा. घाईत आख्खं पान गायब करणारे बरेच आहेत. डावीकडचं 'शॉर्ट्स'चं बटण याच रीतीने काढा. याने वाट लपते, बंद होत नाही. मित्राने धाडलेली लिंक उघडेलच.

दोन्हींतला फरक ध्यानात असू द्या. होस्ट्सची ओळ साधारणपणे संगणकावरच्या सगळ्या ब्राउझरांना लागू होते. एक्स्टेन्शन ज्या ब्राउझरमध्ये बसवाल तेवढ्यापुरतंच. म्हणून जुगाराची किंवा नको ती आख्खी साइट होस्ट्समध्ये घाला (डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून एक ओळ, न लावता दुसरी), आणि चांगल्या साइटचा नकोसा कोपरा ब्राउझरवर सोपवा.

शनिवारपर्यंत एक काम करून ठेवा. मुलाचं विंडोजमधलं खातं ॲडमिनिस्ट्रेटरचं असेल तर ते 'स्टँडर्ड' करा. नाहीतर तुम्ही लिहिलेली ओळ तो खोडून टाकील, आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही.